पारनाक्याचं धुराडं

कल्याणच्या जुन्या गावात, पारनाक्यामागच्या एका आळीत, कौलारू घराच्या पाठीवर ते उभं आहे. चारी बाजूंनी उघडं, डोक्यावर फक्त आभाळ. घराच्या भिंतींना छपराचा आडोसा असतो, पागोळ्या लांब पडतात. याला तसा आधार कुणाचाच नाही. कल्याणला वर्षाकाठी दोन-अडीच मीटर पाऊस होतो आणि तो बहुतेक नैऋत्येच्या वाऱ्यावर येतो. म्हणून याची एक बाजू अजून ठणठणीत आहे आणि दुसरी झिजून खडबडीत झाली आहे.

स्वभावाने हट्टी. थंडीच्या पहाटे धूर सरळ वर ओढायचं, कारण आतली ऊन हवा हलकी आणि बाहेरची जड. कुंद हवेत मात्र रुसायचं आणि धूर स्वयंपाकघरात परत लोटायचं. घरातल्या आजींना त्याची खोड ठाऊक होती. लाकडं पेटवण्याआधी त्या कागदाचा बोळा पेटवून वर धरायच्या. पोट गरम झालं की ते ऐकायचं.

इतका पाऊस झेलूनही ते वर्षानुवर्षं टिकलं, याचं श्रेय चुलीला. रात्री मुरलेलं पाणी सकाळच्या जाळाने आतून सुकायचं. मुंबईत सिलिंडरचा गॅस 1955 साली आला, पुढे तो गावोगाव पोचला आणि या घरातली चूलही विझली. बायकांच्या डोळ्यांचा आणि छातीचा धूर गेला, हे फार चांगलं झालं. पण धुराडं त्या दिवसापासून गारठलं. ओल आत राहू लागली. काजळीतले आणि राखेतले क्षार त्या ओलीत विरघळून विटेच्या तोंडाशी यायचे आणि उन्हं पडली की तिथेच त्यांचे खडे व्हायचे. ते फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. लोणा लागतो तो असा. कौलांवर लाल भुकटी दिसू लागली ती तेव्हा.

मग कुणीतरी काळजीपोटीच त्याचे सांधे सिमेंटने भरले. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं. सिमेंट कठीण, पाण्याला सहज वाट न देणारं. आतल्या ओलीला बाहेर पडायला मऊ वीटच उरली आणि क्षारांनी तिलाच खाल्लं. पावसाच्या बाजूला सिमेंटच्या रेघा शाबूत उभ्या राहिल्या आणि मधल्या विटा बोटभर आत गेल्या. भेगेत पिंपळही रुजला.

दिवाळीनंतर गवंडी आला. जुन्या घरांवर हात बसलेला माणूस. परांची बांधून वर चढला आणि थापीच्या मुठीने एकेक वीट वाजवत गेला. खणखणीत बोलली ती ठेवायची, बद्द वाजली ती काढायची.

"आजी, याला सिमेंट नको. वीट मऊ आहे, माल तिच्याहून मऊ पाहिजे."

"तू म्हणतोस तसं कर बाबा. पण त्या पिंपळाचं काय?"

"ओढून काढला तर दोन थर घेऊन खाली येईल. मुळाच्या बाजूच्या विटा सोडवून काढतो."

चुना तयार करण्याची मेहनत हल्ली कुणी बघत नाही. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटेची सुरखी घालून मळायचा. पूर्वी बैलाच्या घाणीवर मळत, गुळाचं पाणी नि हिरड्याचा काढाही घालत. हा माल हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. म्हणून घाई चालत नाही. गवंड्याने सांधे छिन्नीने पाऊण-एक इंच खोल उकरले. ग्राइंडर लावला असता तर विटांच्या कडाच उडाल्या असत्या. विटा भिजवून चुना दाबून भरला आणि वरून ओलं तरट गुंडाळलं. ते रोज शिंपायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं.

विटांची अडचण झाली. उल्हासच्या काठच्या भट्ट्यांवर, जिथे पावसाळा सरला की उचल घेतलेली कातकरी कुटुंबं येऊन राबतात, तिथल्या नव्या विटांचं माप जुळेना. शेवटी शेजारच्या आळीत पाडलेल्या वाड्याच्या विटा मिळाल्या. एका घराचं मोडणं दुसऱ्याच्या कामी आलं. मला त्यात आनंद कमी आणि हुरहुर जास्त वाटली. असे वाडे आता उरलेत किती?

धुराडं आता वापरात नाही, तर तोंड स्लॅबने बंद करून टाकू, असं घरातल्या धाकट्यांचं म्हणणं होतं. गवंड्याने ठाम नकार दिला. वर दगडी टोपी बसवली, पण चार विटांच्या पायांवर, बाजूंनी वारा खेळेल अशी. खाली चुलीच्या जागी जाळी लावली, म्हणजे हवा खालून वर जात राहील आणि आतली ओल सुकेल. पुढच्या पावसाआधी जाळीतली काजळी झाडायची आणि पिंपळाचा कोंब दिसला तर नखाएवढा असतानाच खुडायचा, एवढं त्याने आजींना दोनदा बजावलं.