म्हातोबाच्या टेकडीवरील धडा

म्हातोबाच्या टेकडीवर सकाळीं फिरावयास जाण्याचा आमचा नेम आहे. एके काळीं शेतांनीं वेढलेलें कोथरूड आतां पुणें शहराचा गजबजलेला भाग झालें असून, ६ मार्च २०२२ पासून वनाजहून मेट्रोही धांवूं लागली आहे. तथापि टेकडीवरून दक्षिणेकडे सिंहगड पूर्वींइतकाच शांत दिसतो.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही नातीस बरोबर नेलें. तिनें करड्या, खरखरीत कागदावर पेस्टलच्या रंगखडूंचे दहाबारा फटकारे मारले व खडू खालीं ठेवला. जांभळा गड, अलीकडे पिवळें ऊन. मध्यें कोरा सोडलेला कागद हेंच धुकें. "अपुरें आहे, बाळ," असें म्हणून आम्हीं ऊन अधिक उजळलें, बोटानें कडा पुसल्या, पुन्हां जांभळा चढविला. पाहतां पाहतां गड राखेच्या रंगाचा झाला. नात कांहीं बोलली नाहीं. तिनें मुकाट्यानें पेटी मिटली.

वाचकहो, यांतील मर्म आम्हांस मागाहून उमगलें. रंगखडू म्हणजे अगदीं थोड्या डिंकानें बांधलेली रंगाची पूड. कागदाच्या खरखरीत पृष्ठावर तिचे कण सुटे बसतात, त्यांवरून प्रकाश उजळून परततो; हेंच तिचें तेज. कागदाच्या खांचा भरल्या, कीं पुढील रंग धरत नाहीं. घासल्यास कण दबतात आणि विरोधी रंग मिसळून मळतात. म्हणून रंग, दाब व दिशा आधीं ठरवावी, फटकारा एकदांच मारावा आणि हात उचलावा. फ्रेंच चित्रकार शार्दां उतारवयांत दृष्टि अधू झाल्यावर याच खडूंकडे वळला. त्याचें १७७१ सालचें, चष्मा लावलेलें आत्मचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. आपल्या विष्णुधर्मोत्तरपुराणांतील चित्रसूत्रही सांगतें, कीं रंगांच्या विपुलतेवर सामान्य जन भुलतात; आचार्य वाखाणतात ती रेखा.

हें चित्रसूत्र आम्हीं पूर्वीं वाचलें होतें. तरीही मुलांच्या निबंधांवर तांबडी शाई ओततांना आम्ही दुसरें काय करीत होतों? कित्येकांचें पहिलें ताजें वाक्य आम्हींच मळविलें असेल. त्या वह्या आतां परत मिळावयाच्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं नातीची क्षमा मागितली व तिला पुन्हां टेकडीवर नेलें. तिनें नवा कागद घेतला. थोडक्याच फटकाऱ्यांत गड उभा राहिला. आमचा हात पेटीकडे वळला; तो आम्हीं शालींत घेतला.

"आजोबा, अजून कांहीं हवें का?" तिनें विचारलें.

"तूं थांबलीस, तेथें तें पुरें झालें," आम्ही म्हणालों.