घोडे पेंड खाते कुठे?

अडलेल्या कामाचे कारण शोधताना आपण सहज विचारतो, घोडे पेंड खाते कुठे? हा प्रश्न अक्षरशः विचारण्याची वेळ गेल्या हिवाळ्यात माझ्यावर आली. हयात हिशेबाच्या नोकरीत गेली, म्हणून आमच्या शहरातील अश्वारोहण स्पर्धेच्या संयोजकांनी आपले अंदाजपत्रक माझ्याकडे तपासायला पाठवले. पागेच्या गोष्टी ऐकत आपण सारेच वाढलो. पण घोड्याचा खर्च कागदावर मांडलेला मी प्रथमच पाहत होतो.

कागदाच्या आरंभी मंडप, व्यासपीठ, चषक आणि पाहुण्यांचा सत्कार होता. तबेले, वाळू, पाणी व पशुवैद्य शेवटच्या पानावर. वस्तुतः या खेळाचे सारे वेगळेपण त्या शेवटच्या पानावरच असते. इतर खेळांत खेळाडू रेल्वेने येतो आणि धर्मशाळेत उतरतो. इथे खेळाडू दोन, आणि त्यांतल्या एकाला आपले दुखणे सांगता येत नाही. पाचशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो चंदी-वैरण आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. शंभर घोडे चार दिवस राहिले, तर चार टनांच्या घरात चंदी-वैरण आणि रोजचे तीन-चार हजार लिटर पाणी. शिवाय प्रत्येकाला स्वतंत्र ठाण, खाली अंथरायला पेंढा, नालबंद आणि रात्रीचा पहारा.

मैदानाचेही तसेच. अडथळ्यावरून उतरताना सारा भार पुढच्या पायांवर येतो. जमीन कठीण असली तर खूर आणि सांधे दुखावतात. वाळू फार खोल असली तर पायाच्या शिरा ताणतात. म्हणून वाळू ठरावीक जाडीची, सारखी ओलावलेली आणि वारंवार समतल केलेली लागते. शर्यतीपूर्वी घोड्याला दुडक्या चालीने नेऊन पशुवैद्य त्याचा लंगडेपणा पाहतो. हा सर्व खर्च प्रेक्षकाला दिसत नाही, आणि काटछाटीची वेळ आली की पहिली कात्री यालाच लागते.

रोगाचा खर्च तर याहून मोठा. १९५६ सालचे ऑलिम्पिक मेलबर्नला भरले. परंतु ऑस्ट्रेलियाच्या कडक विलगीकरण नियमांमुळे अश्वारोहणाच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. २००८ साली बीजिंगऐवजी त्या हाँगकाँगला झाल्या, त्याचेही कारण घोड्यांचे आरोग्यच. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचे, सांघिक सुवर्णपदक जिंकले. त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती, याचा आपल्याला आनंद झाला. परंतु या स्वारांची तयारी युरोपात झाली होती आणि घोडेही तिथेच होते. मेरठच्या लष्करी केंद्रातील अश्वरोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ती २०२५ साली.

मग हा भार उचलायचा कोणी? शिवकालापासून आपल्याकडे स्वारांचे दोन प्रकार. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा पडला तर नुकसान कोणाचे, हाच त्यांतला खरा फरक. संस्थाने विलीन झाली आणि खासगीतून चालणाऱ्या पागा ओसरल्या. ग्वाल्हेर लान्सर्ससह काही संस्थानांची घोडदळे एकत्र होऊन लष्कराची ६१वी कॅव्हलरी उभी राहिली. सैन्य आणि पोलीस यांचे स्वार म्हणजे आजचे बारगीर. बाहेरचा जो कोणी स्पर्धेत उतरतो, तो शिलेदार. त्याच्या घरी पैसा हवा.

व्यासपीठ लहान करा, सत्कार गाळा, पण वाळू आणि पशुवैद्य यांना हात लावू नका, असा शेरा मी लिहिला. संयोजकांनी तो मानला. तरीही तूट उरली आणि प्रवेशशुल्क वाढले. शहरातील एका मोतद्दाराचा मुलगा दररोज पहाटे तीन घोड्यांना खरारा करतो आणि मालकाच्या परवानगीने उत्तम उड्या घेतो. त्याचे नाव यादीतून गळाले. घोड्याचे रक्षण करणारा खर्च योग्यच होता. मात्र तो ज्याच्या अंगावर पडला, तो मुलगा घोड्याच्या सर्वांत जवळचा होता. हिशेब जुळला, पण माझे समाधान झाले नाही.

यावर एक जुनीच वाट मला दिसते. नवशिक्यांच्या गटात घोडे संयोजकांनी पुरवावेत आणि चिठ्ठी टाकून स्वारांना वाटावेत. बुटक्या अडथळ्यांच्या दोन फेऱ्या निरोगी घोड्याला जड नाहीत. म्हणजे वीस घोड्यांवर चाळीस मुले उतरतील. ठाणे निम्मी, वैरण निम्मी, वाहतूक निम्मी. शिवाय अनोळखी घोड्याला आपलेसे करणाऱ्याची कसोटी लागेल, श्रीमंताच्या घोड्याची नव्हे.

यंदाच्या अंदाजपत्रकात 'बारगीर गट' असे एक कलम घालून मी ते परत पाठवले आहे, आणि ते पहिल्या पानावर लिहिले आहे. व्यासपीठाचा खर्च शेवटच्या पानावर राहिला, तरी घोडे तिथे पेंड खाणार नाही.