आजींना विचारायचे राहून गेले

मृगाचा पाऊस पडून गेला की रायगड-ठाण्याच्या बाजारांत ठाकर आणि कातकरी भगिनी शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. जुडीबरोबर त्या मूठभर हिरवी, आंबट फळेही देतात. ती काकडं. गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात पती, पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा असे तिघे एकदमच आले. तिघांच्याही तोंडाला व घशाला असह्य खाज सुटली होती. चौकशी करता कळले, की हौसेने शेवळांची भाजी केली होती. सोबतची फळे मात्र कच्ची दिसली म्हणून टाकून दिली होती.

शेवळ हे सुरणाच्या कुळातले. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते तोंडाच्या नाजूक अस्तराला टोचतात. भाजी नीट निवडून काकडांच्या आंबट रसात शिजवली की खाज मरते, हे जुन्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अशा वेळी जिभेला सूज आली किंवा श्वासाला अडथळा झाला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. सुदैवाने या तिघांना तसे काही झाले नाही. सायंकाळपर्यंत ते बरे झाले.

मला चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. हे सारे जाणणारी व्यक्ती त्याच घरात, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत पलंगावर होती. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. रानभाज्या, पाले, मुळ्या यांविषयी सारी आळी त्यांना विचारत असे. वीस वर्षे मी त्यांचा रक्तदाब तपासत आलो. आरंभीच्या काळात एकदा त्या कुठल्याशा पाल्याविषयी सांगू लागल्या, तेव्हा मी त्यांना मध्येच तोडले, ‘‘आजी, झाडपाल्याचे राहू द्या, गोळ्या तेवढ्या वेळेवर घ्या.’’ गोळ्यांचा आग्रह योग्यच होता. परंतु ऐकून घेऊनही तो धरता आला असता. त्यानंतर आजींनी माझ्यापाशी तो विषय कधीच काढला नाही, आणि आता काढू म्हटले तरी त्यांना शब्द सापडत नाहीत.

अशा मुखोद्गत विद्येचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर आहे. सतराव्या शतकात कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध करविला. ‘हॉर्टस मलबारिकस’ या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापले गेले. त्यातील सात-आठशे वनस्पतींची माहिती प्रामुख्याने स्थानिक वैद्यांची होती. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी आपल्या घराण्यातील ताडपत्रांच्या आधारे ती सांगितली. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तिघे कोंकणी वैद्यही या कामात होते. त्यांचे १६७५ सालचे कोंकणी निवेदन पहिल्या खंडात देवनागरी लिपीत आहे. ते ताडपत्रांचे पुस्तक आज उपलब्ध नाही. त्यातले जे सांगितले गेले आणि उतरवून घेतले गेले, तेवढे राहिले.

तेही लॅटिन भाषेत. ज्यांच्या पूर्वजांची ती विद्या, त्यांना ती वाचता येत नव्हती. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. के. एस. मणिलाल यांनी या ग्रंथासाठी कित्येक दशके वेचली. त्यांची इंग्रजी आवृत्ती २००३ मध्ये आणि मल्याळम आवृत्ती २००८ मध्ये निघाली. नोंद आपल्या माणसांना कळेल अशा भाषेत हवी, हे यावरून शिकण्यासारखे आहे.

नोंदीचे मोल हळदीनेही दाखवून दिले. जखमेवर हळद लावण्याच्या वापरासाठी १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने छापील पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळदीचा उल्लेख ग्रंथांत होता. पाड्यावरच्या भगिनीने सांगितलेली काकडाची युक्ती बहुधा तोंडीच चालत आली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. आपल्या गावची वही झाली आहे का, ग्रामपंचायतीत अवश्य चौकशी करावी.

परंतु घरची वही आपल्याच हाती आहे. ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की दुपारचा अर्धा तास त्यांच्याशेजारी वही घेऊन बसावे. वनस्पतीचे घरात रूढ असलेले नाव, कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती आणि कसा घ्यायचा, त्याची खाज किंवा कडूपणा कसा काढायचा, कोणाला द्यायचे नाही आणि हे कोणी शिकवले, एवढे लिहावे. पान, फूल, फळ यांची छायाचित्रे जोडावीत. त्यांच्याच आवाजात मोबाइलवर मुद्रण करावे. पाड्यावरच्या कोणाकडून माहिती घेतली, तर आधी त्यांची अनुमती घ्यावी, त्यांचे नाव लिहावे आणि त्यांना विचारल्यावाचून ती इतरत्र पाठवू नये.

एक वैद्यकीय इशाराही द्यायला हवा. नोंद म्हणजे औषधयोजना नव्हे. रक्त पातळ ठेवणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना, किंवा मूत्रपिंड अधू असताना, एखादा साधा वाटणारा काढाही अपाय करू शकतो. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. वही आपल्या डॉक्टरांना दाखवावी; ते माझ्यासारखे घाईत असतील, तर पुन्हा दाखवावी.

त्या प्रसंगानंतर सूनबाईंनी एक गोष्ट केली. बाजारात जे पाले, जी फळे मिळत, ती एका ताटात घालून त्या आजींपुढे ठेवू लागल्या. एकदा मी घरी तपासणीसाठी गेलो असता ताटात शेवळं आणि काकडं होती. आजींनी डाव्या हाताने काकडं एकेक करून शेवळांकडे सरकवली, मग सूनबाईंकडे पाहून बोटाने पलीकडची चिंचही दाखवली. ‘‘काकडं नसली तर चिंच, असंच ना आई?’’ आजींनी मान हलवली. सूनबाईंनी वहीत लिहून घेतले.

वहीची अकरा पाने भरली आहेत. मला ज्या पाल्याविषयी त्या सांगू पाहत होत्या, तो अजून आम्हाला सापडलेला नाही. सूनबाई दर आठवड्याला नवा पाला आणतात आणि मीही आता थोडा वेळ काढून तेथे बसतो.