शीर्षप्रहेलिका आणि लेकीचा प्रश्न



चातुर्मासातल्या प्रश्नमंचात एक प्रश्न हमखास असतो: शीर्षप्रहेलिकेत किती अंक? उत्तर १९४. याच उत्तरावर मी एकदा स्टीलचा डबा जिंकला होता, त्यात अजून तूरडाळ ठेवते. पण ती संख्या मी कधी समजून घेतलीच नव्हती, हे यंदा लेकीमुळे कळलं.

ती दहावीत आहे. पर्युषणात स्थानकात सगळ्या बायकांसमोर तिने विचारलं, "आई, या संख्येला अकराने भाग जातो का?" मी पटकन म्हणाले, "आगमाची परीक्षा घ्यायची नसते." शेजारच्या काकू हसल्या. लेक गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून "अभ्यास आहे" म्हणत स्थानकात आलीच नाही.

पारण्याच्या दिवशी मी गावोगावच्या नातेवाइकांना फोन करून खमतखामणा केला. नणंदेशी वर्षभर अबोला होता, तिलाही केला. फोन ठेवला आणि लक्षात आलं, जिला मी दुखावलं ती तर शेजारच्या खोलीत बसली आहे.

आत जाऊन म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं, बाळा. आणि तो अकराचा हिशोब मलाही शिकव." तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि वही काढली.

ही संख्या कशी बनते ते आपल्याला पाठ असतं. अनुयोगद्वार सूत्रात कालगणनेच्या पायऱ्या आहेत. ८४ लाख वर्षांचं एक पूर्वांग. ८४ लाख पूर्वांगांचं एक पूर्व, म्हणजे ७०,५६,००० कोटी वर्षं. असं दर पायरीला ८४ लाखांनी गुणत गेलं की अठ्ठाविसाव्या पायरीवर शीर्षप्रहेलिका येते. आधी ५४ अंक आणि त्यांच्यापुढे १४० शून्यं.

लेक म्हणाली, "एवढा आकडा लिहायचाच नाही. नुसते ८४ लाख फोड." ८४ म्हणजे २ × २ × ३ × ७. एक लाखात फक्त २ आणि ५, प्रत्येकी पाच वेळा. म्हणजे ८४ लाखात मूळ संख्या चारच: २, ३, ५ आणि ७. त्यालाच अठ्ठावीस वेळा घेऊन गुणलं तर पाचवी येणार कुठून? शीर्षप्रहेलिकेत २ येतो १९६ वेळा, ५ येतो १४० वेळा, ३ आणि ७ प्रत्येकी २८ वेळा. बस्स!

म्हणून ती दोघांपासून दहा जणांपर्यंत कितीही जणांत सारखी वाटता येते. अकरा जणांत मात्र नाही, ९ उरतात. तिचे विभाजक मोजले तर २,३३,६०,४५७, सगळे याच चौघांच्या जोरावर. आणि तिच्यात नुसता एक मिळवला, तर या चौघांपैकी एकानेही भाग जात नाही.

१९४ अंकांचा डोंगर, आणि आत फक्त चार संख्या! इतकी वर्षं पाठ म्हणत आले, पण हे कधी दिसलं नव्हतं.

सूत्र सांगतं की शीर्षप्रहेलिकेपर्यंत गणिताचा विषय आहे, त्यापुढचे पल्योपम, सागरोपम उपमेनेच समजायचे. म्हणजे इथवर मोजायची मुभा सूत्रानेच दिली आहे. अडवलं ते मी. स्वाध्यायाचे पाच भेद आपण मुलांना शिकवतो: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा, धर्मकथा. त्यात विचारणं दुसरं आहे, घोकणं तिसरं. मी घरात हा क्रमच उलटा लावला होता.

गेल्या रविवारी लेक वही घेऊन पाठशाळेत आली. फळ्यावर तिने ८४ लाख फोडून दाखवले. एका छोट्याने विचारलं, "दीदी, तेराने भाग जातो का?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी खडू त्या छोट्याच्या हातात दिला.