मुठीच्या आतलं काम

मासे गरवायच्या रॉडची मूठ बघणारा माणूस ती बाहेरून बघतो. वळण कसं आहे, बुचाच्या चकत्यांचे सांधे दिसतात का, बुचावर छिद्रं किती, हात फिरवला की कशी लागते. रॉड बांधणाऱ्यांच्या आपसातल्या गप्पाही बहुतेक इथेच रेंगाळतात. माझं मत असं आहे की मुठीचं बरंवाईट तिच्या आतल्या भोकात ठरतं. ब्लँक, म्हणजे रॉडचा मूळ पोकळ दांडा, आणि बूच यांची गाठ जिथे पडते तिथलं काम नेटकं नसेल, तर बाहेरचा आकार कितीही देखणा असला तरी त्या मुठीचा भरवसा नाही. आणि भोक नेटकं करायचं तर ते चकत्या चिकटवण्याआधी, एकेका चकतीत वेगळं करायला हवं. तयार मूठ विकत आणायची, ती आतून कोरून मोठी करायची आणि गोंद भरून बसवायची, ही पद्धत सर्रास चालते. माझा आक्षेप तिच्यावर आहे.

आधी बुचाविषयी, कारण सगळी अडचण त्याच्या स्वभावातून येते. ही भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एका ओकची साल. (रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांचा सडा टाकणारं आपलं बुचाचं झाड निराळं.) जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. तिथे झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल उतरवतात, मग निदान ९ वर्षं त्याला हात लावत नाहीत, आणि खोडावर साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत निघते. एकसारखं, बारीक पोताचं बूच तिसऱ्या खेपेपासून मिळतं, म्हणजे झाडानं चाळिशी ओलांडल्यावर. रॉबर्ट हूकनं १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’त सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या ज्या कप्प्यांचं वर्णन केलं, ते याच सालीतले. कप्पे हवेनं भरलेले आणि त्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ, म्हणून बूच हलकं असतं, पाणी पीत नाही आणि ओल्या हातातून निसटत नाही. ते दाबलं तर दाबलं जातं, पण बाजूला फुगत नाही. हा गुण बाटलीच्या फार कामाचा आहे. रॉड बांधणाऱ्याला मात्र तो फसवतो. लहान भोकाची चकती जोर लावला की ब्लँकवर सरकते आणि घट्ट बसल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती आतून ताणलेली असते. एखाद्या छिद्रापाशी बूच आधीच कच्चं असलं, तर पुढे कधीतरी ती तिथेच चिरते.

आता मापं बघू. बाजारात मिळणारी चकती सहसा अर्धा इंच जाड आणि सव्वा इंच व्यासाची असते, मध्ये पाव इंचाचं भोक. सात इंची मुठीला अशा १४ चकत्या लागतात. ब्लँक बुडाशी जाड आणि पुढे निमुळता. समजा त्या सात इंचांत तो अर्ध्या मिलिमीटरनं बारीक होतो, तर शेजारच्या दोन चकत्यांच्या भोकांत फरक येतो मिलिमीटरच्या जेमतेम पंचविसाव्या भागाचा. एवढं माप घेऊन कोरणं कुणाच्या हातचं नाही, आणि त्याची गरजही नाही. मोडलेल्या रॉडचा तशाच उताराचा बुडखा घ्यायचा, त्यावर सँडपेपरची पट्टी तिरकी गुंडाळून इपॉक्सीनं चिकटवायची, की भोक कोरायचा रीमर तयार झाला. ब्लँकवर प्रत्येक चकतीची जागा पेन्सिलनं आखायची. मग चकती रीमरवर दोन-चार वेळा फिरवायची, ब्लँकवर चढवून बघायची, पुन्हा फिरवायची. आपल्या खुणेच्या अलीकडे केसभर अडते आणि अंगठ्याच्या हलक्या दाबानं खुणेवर जाऊन बसते, तेव्हा तिचं भोक झालं. लगेच तिच्यावर नंबर घालायचा आणि वरची बाजू कोणती ते लिहायचं. काम कंटाळवाणं आहे, पण उतार जुळवण्याची जबाबदारी हातावर न राहता रीमरवर जाते.

तयार मुठीत हेच भोक कोरायला घेतलं की काय होतं ते बघा. चौदा चकत्यांच्या मुठीत गोंदाचे तेरा सांधे असतात. वाळलेला गोंद बुचापेक्षा कितीतरी कठीण. रीमर बूच भराभर खातो आणि सांध्यापाशी अडखळतो. कोरणारा जोर वाढवतो, त्यानं बूच आणखी खाल्लं जातं आणि सांधे तसेच उभे राहतात. हेच बाहेरून घासताना झालं तर लगेच कळतं, कारण सांध्याच्या जागी उंचवटा बोटाला लागतो आणि तो सपाट होईपर्यंत कुणी थांबत नाही. आत बोट जात नाही. भोक सलग निमुळतं होण्याऐवजी तेरा ठिकाणी आवळलेलं आणि मधे फुगलेलं होतं, आणि ब्लँकला टेकतं ते फक्त त्या कड्यांशी. शिवाय लांब भोकात रीमर एका बाजूला झुकतो. मूठ बाहेरून गोल, पण तिचा मध्य आणि ब्लँकचा मध्य एक नाही.

यावर उत्तर ठरलेलं आहे: गोंद कशाला असतो? पोकळी इपॉक्सीनं भरून निघते. हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. ९ मिलिमीटरच्या ब्लँकभोवती सगळीकडे अर्धा मिलिमीटर पोकळी राहिली असं धरलं, तर सात इंचांत सुमारे अडीच घनसेंटिमीटर इपॉक्सी बसते, म्हणजे तीनएक ग्रॅम. अख्ख्या मुठीचं बूच पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणून हे प्रमाण मोठं दिसतं. पण वजन हातातच राहतं, टोकाकडे जात नाही, त्यामुळे रॉडचा तोल त्यानं फारसा बिघडत नाही. वजनाचा मुद्दा मी म्हणूनच सोडून देतो. खरी हानी मध्य हुकल्याची आहे. मुठीचं पुढचं टोक, जिथे बूच निमुळतं होत ब्लँकला मिळतं, ती जागा नीट बघा. तिथे बुचाची भिंत जेमतेम दोन मिलिमीटर उरते. मध्य एक मिलिमीटरनं हुकला की एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एक. ती एक मिलिमीटरची कड आधी तपकिरी भुसा सोडते, मग तिचा टवका उडतो. दोष मात्र बुचाच्या प्रतीला दिला जातो. मास्किंग टेपचे थर गुंडाळून पोकळी भरणाऱ्यांविषयी एवढंच म्हणेन की ही कुऱ्हाडीच्या ढिल्या दांड्यात मारलेली पाचर आहे. रीळ सीटखाली, म्हणजे रीळ बसवायच्या नळीखाली, टेप चालतो, कारण तिथली नळी स्वतः कडक असते. बुचाखाली दोन थरांमधली जागा मऊच राहते आणि मूठ तिथे दबते.

याहून वजनदार आक्षेप बांबूच्या रॉडचा. चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या जोडून केलेला दांडा षट्कोनी असतो आणि चकतीचं भोक गोल. तिथे सहा पोकळ्या राहणारच, तरीही अशा मुठी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या आहेत. (आपल्याकडच्या माणसाला या रॉडबद्दल आपुलकी वाटायला कारण आहे. चीनचा टोंकिन बांबू येण्याआधी हे रॉड ‘कलकत्ता केन’चे बनत, म्हणजे आपल्या विदर्भातल्या मानवेलीच्याच जातीच्या बांबूचे.) पण षट्कोनाचे सहा कोपरे चकतीला सहा बाजूंनी सारखेच धरतात आणि मध्य चुकू देत नाहीत. पोकळ्या आहेत, पण सारख्या आहेत. त्यामुळे हा आक्षेप माझ्याच बाजूनं साक्ष देतो: गोंदाचं प्रमाण थोडं कमी-जास्त चालेल, मध्य ढळलेला चालणार नाही. जुन्या कारागिरांनी लाकडी गाभ्यावर बुचाचे पातळ पत्रे गुंडाळण्याची पद्धत सोडली आणि भरीव चकत्या थेट दांड्यावर चढवायला सुरुवात केली, तीही याच दिशेची वाट.

चकत्या ब्लँकवरच चिकटवल्या तर घडाईही तिथेच करावी लागते, आणि त्यात धोके आहेत हे मला मान्य आहे. लेथवर लांब तुकडा फडफडतो. त्यासाठी दोन ठिकाणी आधार द्यावा लागतो आणि वेग कमी ठेवावा लागतो. सँडपेपर ब्लँकला ओरखडू शकतो. तिथे टेपचे चार वेढे हवेतच. सगळ्यात मोठा धोका बुचाच्या पोटातला. सव्वा इंची चकती घासून इंचभर करताना तिचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग भुसा होऊन उडतो आणि आत दडलेलं छिद्र वर येतं. तयार मुठीत ते विकत घेतानाच दिसलं असतं. यावर माझ्याकडे पक्का तोडगा नाही. चकत्या चार-सहा जास्त आणाव्या, उजेडासमोर धरून आणि दाबून निवडाव्या, मऊ लागेल ती बाजूला टाकावी. सगळ्यात निकोप चकत्या अंगठ्याखाली याव्यात. वापरलेल्या कुठल्याही जुन्या मुठीवर काळा डाग आणि खळगा तिथेच असतो. मुठीच्या ‘फुल वेल्स’ नावाच्या आकारात पुढचा फुगवटा ठेवतात तोही अंगठ्याला रेटा देता यावा म्हणून. उरलेल्या बारीक छिद्रांत भुसा आणि गोंदाचं लुकण भरायला हरकत नाही. अंगठ्याखाली मात्र नको. तिथे लुकण बुचाबरोबर दबत नाही आणि थोड्याच दिवसांत सुटून येतं.

खाऱ्या पाण्यात, कोकणच्या कातळांवरून गरवणाऱ्याला मी बूच घ्या म्हणून आग्रह करणार नाही. रॉड दगडावर टेकवायचा, वाळूत खोचायचा, हाताला आमिषाची चिकटण. तिथे ईव्हीए फोम किंवा नुसती श्रिंक ट्यूब शहाणपणाची. फोम ताणून चढवता येतो, म्हणून त्यात भोकाचा प्रश्न एवढा टोकाचा होत नाही.

राहिली दुरुस्ती. गाइड (दोरी ओवायच्या कड्या) बांधलेल्या, रीळ सीट पक्की बसलेल्या जुन्या रॉडची मधलीच चकती फुटली, तर नवी ना पुढून घालता येते ना मागून. अशा वेळी आधी अख्ख्या चकतीचं भोक रीमरवर त्या जागेपुरतं करून घ्यायचं आणि मगच तिचे धारदार पात्यानं दोन भाग करायचे. आधी कापून मागून कोरलं तर दोन्ही अर्धी वेगवेगळी खाल्ली जातात. काप मुठीच्या डाव्या-उजव्या अंगाला येईल असा फिरवायचा, अंगठा आणि तळवा दोन्ही टाळून. दोन लागोपाठच्या चकत्या बदलायच्या असतील तर त्यांचे काप एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. गोंद लावून वर दोरा घट्ट गुंडाळायचा, तो दुसऱ्या दिवशी सोडायचा, आणि मग जुन्या बुचाच्या पातळीला येईपर्यंत घासायचं.