नव्वद अंशांचा अंधार

पोलरॉइडच्या दोन पट्ट्या माझ्या टेबलाच्या खणात कायम पडलेल्या असतात. नुसतं पाहिलं तर त्यांत काही नाही, काळपट, धुरकट प्लास्टिक. एक पट्टी बल्बसमोर धरली की उजेड निम्म्यावर येतो. खरं तर निम्म्याच्याही थोडा खाली, कारण प्लास्टिक आपला वाटा वेगळा गिळतं. बल्बच्या प्रकाशाचं कंपन सगळ्या बाजूंनी चाललेलं असतं. पट्टी त्यातलं एकाच दिशेचं पुढे सोडते. ती कशीही फिरवा, उजेड तेवढाच राहतो.

दुसरी पट्टी हातात घेतली की मात्र वेळ कसा जातो कळत नाही. पहिली स्थिर धरायची आणि दुसरी तिच्यावर हळूहळू फिरवायची. सुरुवातीला वाटतं, काही होतच नाहीये. १० अंश वळवली तरी पहिल्या पट्टीतून आलेल्या उजेडातला ९७ टक्के शिल्लक असतो. ३० अंशांवर ७५ टक्के, आणि डोळ्याला तीही घट जेमतेम जाणवते. मग अचानक उतार लागतो. ४५ वर निम्मा, ६० वर पाव, ८० वर जेमतेम ३ टक्के. ९० अंशांना बल्ब विझतो. माझ्या पट्ट्या स्वस्तातल्या, त्यामुळे त्या अंधारातही फिलामेंटच्या जागी एक गडद जांभळट रेघ चिवटपणे दिसत राहते. ती मला आवडते.

ही उतरण कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने चालते, हे सांगितलं एत्येन-लुई मालुस या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत तो होता. १८०८ साली पॅरिसमधल्या घरातून तो आइसलँडच्या स्फटिकातून पाहत होता. लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर मावळतीचं ऊन पडलं होतं. या स्फटिकातून कशाचीही दोन चित्रं दिसतात. पण काचेवरून परतलेल्या त्या उन्हाची दोन चित्रं स्फटिक फिरवताना आळीपाळीने मंद होत गेली. म्हणजे नुसत्या काचेवर आपटूनही प्रकाशाला दिशेची शिस्त लागते. मालुस प्रकाश कणांचा मानणारा होता. लहरींचं गणित पुढे फ्रेनेलने बसवलं, तरी मालुसचं सूत्र तसंच टिकलं. तो स्वतः १८१२ मध्ये क्षयाने गेला, अवघ्या ३६व्या वर्षी.

आता ती गोष्ट, जी मला कळते पण पचत नाही. दोन पट्ट्या काटकोनात, मागे अंधार. त्यांच्या मधोमध तिसरी पट्टी ४५ अंशांत तिरकी सरकवायची. आधीच दोन अडसर, त्यात तिसरा. पण उजेड परत येतो! पहिलीतून निघालेल्या प्रकाशाचा चौथा हिस्सा शेवटच्या पट्टीपार पोचतो. हिशेब सरळ आहे. मधली पट्टी निम्मा प्रकाश अडवते, पण उरलेल्या निम्म्याचं कंपन स्वतःच्या दिशेला वळवून देते. आता शेवटची पट्टी त्याला काटकोनात नाही, म्हणून ती त्यातला निम्मा सोडते. चाळणीवर चाळणी ठेवून पीठ वाढल्याचं कुणी पाहिलंय? शाळेत सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांच्या हातात या तीन पट्ट्या द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

पाण्याच्या बाबतीत हे अडवणं थेट उपयोगी पडतं. पाण्यावरून साधारण ५३ अंशांनी परतणारा प्रकाश पूर्णपणे एकाच दिशेचा झालेला असतो. पट्टी त्याला आडवी धरली की पृष्ठभागावरची चकाकी पुसली जाते. डोळ्यापर्यंत येणारा उजेड कमी होतो आणि दिसतं मात्र जास्त. पावसाळ्यात ओल्या पानांचे फोटो काढणारे भिंगापुढचं कडं फिरवतात ते याचसाठी.

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन ‘नारकुंडा’ बोटीने इंग्लंडहून परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले सांगून गेले होते. रामन यांच्याजवळ पट्टीचंच काम करणारा निकोल लोलक होता, मालुसच्याच त्या आइसलँडी स्फटिकाचा घडवलेला. डेकवरून योग्य कोनात पाहत त्यांनी आकाशाचं प्रतिबिंब विझवलं. समुद्र निळाच राहिला. उलट निळाई आणखी खुलली. पाणी स्वतःच प्रकाश विखुरत होतं. त्याविषयी ‘नेचर’ला धाडलेल्या टिपणावर पत्ता होता मुंबई बंदराचा, तारीख २६ सप्टेंबर. विखुरण्याचा हाच माग घेत ते १९२८ च्या ‘रामन परिणामा’च्या शोधापर्यंत गेले.

मुंबई बंदराचा पत्ता वाचून मीही गेटवेच्या कठड्यापाशी पट्टी फिरवून पाहिली. चकाकी आज्ञाधारकपणे गेली. खालून जो समुद्र निघाला तो मातकट होता आणि त्यात वेफर्सचं एक पाकीट होतं, आकाशात नसलेलं.