स्पीड टेस्टचा आकडा आणि बाबांचं बोलणं



बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी. मध्यंतरी घरच्या अडचणी होत्या. आज लिहायला बसलो ते त्यातल्याच एका गोष्टीबद्दल. विषय तसा आमच्या धंद्यातलाच आहे. पण धंद्यात राहूनही मी त्यात सपशेल तोंडावर आपटलो, म्हणून सांगावंसं वाटलं.

मी इथे रेडिंगला असतो. बारा वर्षं नेटवर्किंगमध्ये काढली आहेत. ओळखीत कुणाचंही इंटरनेट अडखळलं की फोन मला येतो आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्पीड टेस्ट केलीस का? आकडा काय आला?" डॉक्टरांनी "ताप आहे का?" विचारावं तसा. आकडा चांगला आला की मी दोष भलतीकडे टाकतो आणि फोन ठेवतो. आजवर हे खपून गेलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. आईबाबा कराडजवळ असतात. बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. मी धावत गेलो, तीन आठवडे राहिलो. हातपाय लवकर सावरले, पण बोलण्यावर परिणाम राहिला. शब्द आठवतो, पण तोंडावर यायला वेळ लागतो. स्पीच थेरपिस्ट बाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: "रोज बोला त्यांच्याशी. वेळ द्या. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका."

परतण्याआधी मी नेहमीप्रमाणे 'सोय' करून आलो. आमच्या गल्लीत फायबर पोचलेलं नाही, म्हणून मोबाइल कंपनीचं बिनतारी इंटरनेट घेतलं, घरात राउटर आणि छपरावर छोटा अँटेना. बाबांसाठी टॅबलेट घेतला. आईच्या फोनवरचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप ढगात जाऊन साठतील असंही लावून दिलं. फोन चार्जिंगला असेल तेव्हाच ते चढावेत, म्हणजे बॅटरी उतरायला नको, एवढी काळजी घेतली. स्वतःवर खूष होऊन विमानात बसलो.

रोज तिकडचे रात्री साडेनऊ म्हणजे इथले दुपारचे चार. चहाचा कप घेऊन मी व्हिडिओ कॉल लावायचो. डिसेंबर बरा गेला. जानेवारीत मात्र मला जाणवायला लागलं की बाबा मागे चाललेत. "बाबा, जेवण झालं का?" असं विचारलं की शांतता. एक, दोन, तीन... कधी चार सेकंद. मग मी म्हणायचो, "बाबा, ऐकू येतंय का?" आणि तेवढ्यात त्यांचा आवाज यायचा, "हो, झा..." आणि थांबायचा. पुन्हा शांतता. पंधरा दिवसांत ते माझ्याशी बोलेनासे झाले. नुसती मान हलवायचे आणि टॅबलेट आईकडे द्यायचे.

आई म्हणायची, "अरे, ठीक आहेत ते. सकाळी पेपरातल्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या." मला वाटायचं, ती धीर देतेय. म्हणून मी आमच्या धंद्यातला पुरावा मागितला. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि त्यानं टॅबलेटवर टेस्ट करून मला चित्र पाठवलं: डाउनलोड ९४, अपलोड ६, पिंग ३१. आकडे उत्तम. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुष्कळ होतात. मी निकाल दिला: नेटचा प्रश्न नाही. म्हणजे प्रश्न बाबांचा आहे.

मी आईच्या मागे लागलो आणि पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली. जानेवारीच्या शेवटी दोघं भाड्याच्या गाडीनं पहाटे निघून पुण्याला गेले आणि रात्री दमून परत आले. डॉक्टरांचं म्हणणं, नवीन काही नाही, उलट सुधारणाच आहे. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या रात्री आई स्वयंपाकघरातून हळू आवाजात म्हणाली, "तुला सांगू का, ह्यांना वाटतं, तुला त्यांचं बोलणं ऐकायला वेळ नसतो. ते बोलायला लागले की तू मध्येच बोलतोस."

मी? मी तर चार-चार सेकंद वाट बघत होतो!

त्या रात्री मला झोप नव्हती. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. ती टेस्ट मोजते काय, याचा नीट विचार केला.

स्पीडटेस्ट डॉट नेट २००६ पासून आहे आणि आपण सगळे तिलाच 'स्पीड टेस्ट' म्हणतो. ती आधी तुमच्या जवळचा सर्व्हर निवडते. हा सर्व्हर बहुतेक वेळा शहरातलाच, कधी कधी खुद्द तुमच्या इंटरनेट कंपनीच्याच जाळ्यातला असतो. मग एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून काही सेकंद जेवढा मावेल तेवढा डेटा ओतते. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम २०१६ मध्ये आली. ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते. एम-लॅबची चाचणी एकाच जोडणीवर मोजते, म्हणून तिचा आकडा पुष्कळदा कमी येतो. तिघींचे आकडे वेगळे आले म्हणून कुणी खोटं बोलत नसतं. प्रत्येकीचा प्रश्न वेगळा असतो, इतकंच.

पण या मुख्य आकड्यामागचा प्रश्न साधारण एकच: या घडीला, जवळच्या सर्व्हरपर्यंत, दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माल जाऊ शकतो? आणि 'पिंग'चा जो आकडा ठळक दिसतो, तो माल ओतायला सुरुवात करण्याआधी, रस्ता मोकळा असताना घेतलेला असतो.

माझा प्रश्न त्यातला नव्हताच. मला हवं होतं ते हे, की रात्री साडेनऊला, घरात जे काही चालू असेल ते चालू असताना, बाबांचा एक शब्द कराडहून रेडिंगला पोचायला किती वेळ लागतो? लंडन ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका बाजूनं निदान ३६ मिलिसेकंद, प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते म्हणून आणखी जास्त. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज होतं. तेवढ्यात आम्ही आरामात बसायला हवे होतो.

दुसऱ्या दिवशी कॉलच्याच वेळी आईला टॅबलेटवर पिंग लावायला सांगितलं. आकडे वाचून दाखवताना तीच चपापली. सकाळचे ३१ रात्री बाराशेच्या वर गेले होते.

"आई, आत्ता घरात काय काय चालू आहे?"

"काही नाही रे. टीव्ही बंद आहे. माझा फोन पण चार्जिंगला लावलाय. तू टॅबलेटवर बोलतोस, तेवढ्यात तो भरून होतो."

चार्जिंगला!

थेरपिस्ट बाईंच्या सांगण्यावरून आई जानेवारीपासून रोज बाबांच्या व्यायामाचे आणि बोलण्याच्या सरावाचे व्हिडिओ काढत होती. दिवसभरात चार-पाच. रोज रात्री साडेनऊला फोन चार्जिंगला लागला की ते सगळे एकदम ढगाकडे निघायचे, त्याच सहा एमबीपीएसच्या वाटेनं. त्याच वाटेनं बाबांचा आवाजही निघायचा.

या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस नावाच्या अभियंत्यानं २०१० च्या सुमारास हे आपल्याच घरच्या इंटरनेटवर शोधून काढलं. राउटर किंवा मोडेम पुढे वाट अरुंद असली तरी डेटा टाकून देत नाहीत, मोठ्या रांगेत उभा करतात. रांग जितकी मोठी, तितका मागच्याला उशीर. रांगेचं शहाण्यासारखं व्यवस्थापन करणारी पद्धत आहे, एफक्यू-कोडेल नावाची, २०१८ मध्ये तिचा आरएफसीही निघाला. पण घरोघरच्या स्वस्त राउटरांत ती असेलच असं नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं, हीच लाज.

आणि आता बाबांच्या बाजूनं बघा. जाम झाली होती ती फक्त तिकडून इकडे येणारी वाट. माझा प्रश्न त्यांना वेळेवर ऐकू जात होता. ते त्यांचे दोन सेकंद घेऊन उत्तर सुरू करत. ते मला सव्वा सेकंद उशिरा पोचायचं. तेवढ्यात माझा धीर सुटून मी विचारायचो, "बाबा, ऐकू येतंय का?" आणि ते मात्र त्यांना लगेच ऐकू जायचं, त्यांच्या वाक्याच्या ऐन मध्यात. मोठ्या कष्टानं जुळवलेला शब्द तिथेच तुटायचा. आई म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. मी मध्येच बोलत होतो.

उपाय एका ओळीचा निघाला: फोन चार्जिंगला कॉल झाल्यावर लावायचा.

नंतर मी ते ढगातले व्हिडिओ उघडले. महिनाभराचे. रोज चढत होते आणि मी एकही पाहिला नव्हता, कारण मी रोज 'प्रत्यक्ष' बोलत होतो ना! एकात बाबा भाज्यांची नावं सांगताहेत. वांगं... दोडका... घेवडा. मी घड्याळ लावून मोजलं. जानेवारीच्या सुरुवातीला शब्दाला अडीच सेकंद, शेवटी दीड-दोन. थांबणं होतंच. सगळा दोष नेटचा नव्हता, हेही मला मान्य करावं लागलं. पण ते थांबणं कमी होत चाललं होतं, आणि मी त्यांना वाढतंय म्हणून पुण्याला पाठवलं होतं.

बाबांना हे समजावून सांगणं आवश्यक होतं. बफर वगैरे शब्द वापरण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "बाबा, कारखाना ठरल्याइतकाच ऊस गाळणार. पण यार्डात पन्नास ट्रॉल्या घेतल्या, आणि एकावन्नावा माणूस सायकलवर एकच मोळी घेऊन आला, तर? तुमचा आवाज म्हणजे ती मोळी. मी इथे बसून गाळपाचा आकडा बघत होतो आणि म्हणत होतो, कारखाना तर जोरात चाललाय, मग मोळीवालाच आळशी असणार."

ते बराच वेळ गप्प होते. मी या वेळी काही बोललो नाही. मग म्हणाले, "पावतीवर... वजन असतं. किती वेळ... उभा होता... ते नसतं."

एकतीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस. उभ्या ट्रॉलीत ऊस वाळतो आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. काटा चोख असला तरी तो रांगेबद्दल काही सांगत नाही.

असो. आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील तिकडे आहेत, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी:

१. टेस्ट कॉलच्याच वेळी करा, त्याच खोलीत, त्याच यंत्रावर. वेळेला महत्त्व आहे, हे इथल्या जाहिरात नियामकांनाही पटलंय. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून घरगुती ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला सरासरी वेग रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळायला हवा, असा नियम आहे.

२. डाउनलोडवर भाळू नका. आईबाबांचा चेहरा आणि आवाज त्यांच्या अपलोडवरून येतो.

३. मोकळ्या रस्त्यावरचा पिंग पाहून थांबू नका. लाइन भरलेली असताना तो किती होतो ते बघा. फास्ट डॉट कॉमवर 'अधिक माहिती' उघडली की हे दिसतं. स्पीडटेस्टही २०२२ पासून दाखवते. दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर दुखणं रांगेचं आहे.

४. घरात आणखी काय चालू आहे ते विचारा. फोनचा बॅकअप, कॅमेरा, लॅपटॉपचं अपडेट. बहुधा ते आपणच 'सोय' म्हणून लावून आलेलो असतो.

पाचवी गोष्ट तांत्रिक नाही. आई रोज सांगत होती की ते ठीक आहेत. ती चोवीस तास त्यांच्यासोबत होती. मी तिचं ऐकलं नाही, पंधरा सेकंदांच्या टेस्टचं ऐकलं.

आता रोज चार वाजता बाबा स्वतः टॅबलेट धरून बसतात. काल त्यांनी मला विचारलं, "तिकडे... थंडी... किती?" मी उत्तर दिलं. मग त्यांचा पुढचा प्रश्न येईपर्यंत चहा पीत थांबलो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रेडिंगकर